साडूभाऊ, कुठे ते सांगितलं नाहीत

साडूभाऊ,

तुमच्या तेराव्याला माझ्या हातून एक घोटाळा झाला. तुम्ही असतात तर पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नकार्यात तो रंगवून सांगितला असतात. आता मलाच सांगावा लागतोय, आणि मला काही तुमच्यासारखं थांबून थांबून, पान लावत लावत सांगता येत नाही.

जेवणं आटपली होती. मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता. शुभा आत तिच्या ताईपाशी बसली होती. तिला मी खुणेनेच 'निघू या' म्हटलं, ओटीवरून खाली उतरलो, आणि तुमच्या घरून निघताना इतकी वर्षं जसं म्हणत आलो तसंच, अगदी मोकळ्या आवाजात म्हणालो, "बरंय, येतो हां!"

ओटीवरच्या बायकांचं बोलणं तिथल्या तिथे तुटलं. मंडपवाल्याच्या हातातली खुर्चीसुद्धा अधांतरी राहिली.

सुतकाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, एवढं शाळेतल्या पोरालाही कळतं. मुकाट्याने उठायचं आणि चालू लागायचं. अशाच कारणाने पुन्हा यायची पाळी कोणावर येऊ नये म्हणून. आणि मी नुसतं 'येतो' म्हणून थांबलो नव्हतो, वर 'हां' जोडला होता.

"कोन बोल्ला तो?" आतून तुमच्या आत्याचा आवाज आला. तिला हल्ली नीट दिसत नाही, पण ऐकू मात्र नको तेवढं येतं. "सुतकाच्या घरात येतो बोलत नाय कोन. पावन्याला कोनी शिकवला नाय काय?"

शुभाने कपाळाला हात लावला. मी सारवासारव करायला "म्हणजे, येत नाही" असं म्हणालो, ते तर त्याहून भयंकर झालं. आणि तेवढ्यात ताई दारात आली. इतके दिवस ती बसवाल तिथे बसत होती आणि द्याल ते पाणी पीत होती. झोप म्हणाल तर नावाला नव्हती. पडायची, आणि छताकडे बघत राहायची. लेक बंगळुरूहून आली होती, तिने गोळी दिली, तीही उशाशी तशीच पडून होती. ती ताई चौकटीला टेकून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "या. रविवारी या. ह्यांची गाडी काढा आणि मला जरा बाहेर न्या."

"बाहेर?" आत्या म्हणाली. "महिना तरी होऊ दे गो बाय. लोक काय बोलतील? आनि कुठं चाललीस?"

"तुम्हीच असं विचारता, आत्या?" ताई म्हणाली. "ह्यांना तुम्हीच शिकवलंत ना, निघणाऱ्याला 'कुठे' विचारू नये म्हणून?"

आत्या गप्प झाली. मीही. माझं गप्प होण्याचं कारण वेगळं होतं. मला रविवार दिसायला लागला होता. तुमची गाडी, तुमच्या जागेवर मी, आणि मागे ताई.

आपण साडू. म्हणजे तसं बघायला गेलं तर आपण एकमेकांचे कोणीच नाही. तुळिंजच्या एका चाळीतल्या दोन बहिणींनी आपापल्या वेळी आपापली चूक केली. थोरलीची चूक तुम्ही आणि धाकटीची मी, एवढंच आपलं नातं, असं तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. तुम्ही खाडीकडच्या वाडीतले, केळी आणि मोगऱ्यात वाढलेले. मी देशावरून बदली होऊन आलेला आणि माणिकपूरच्या दोन खोल्यांना चिकटलेला. तुमच्याकडे गाडी होती. माझ्याकडे गाडी नव्हती, पण गाडीबद्दलची काळजी भरपूर होती.

निघणाऱ्या माणसाला 'कुठे' विचारू नये, फारच राहवलं नाही तर 'लांब का?' एवढंच म्हणावं, हे आमच्याकडेही होतं. पण आमच्याकडे तो नुसता शकुन-अपशकुनाचा मामला होता. तुम्ही मात्र त्याचा खेळ करून टाकलात. कुठल्याही सकाळी यायचं, खालून एक लांब हॉर्न द्यायचा, आणि म्हणायचं, "चला, गाडीत बसा." कोणी 'कुठे' म्हटलं की तुम्ही कानाला हात लावायचात आणि इंजिन बंद करायचात. मग मुलं माझ्या अंगावर धावून यायची. "बाबा, तुम्ही विचारलंतच का?"

मुलं लहान असताना एकदा तुम्ही मला दूध आणायला म्हणून खाली बोलावलंत. मी लेंगा-बनियनवर उतरलो, हातात दुधाची पिशवी. मागच्या सीटवर ताई, शुभा आणि मुलं आधीच कोंबून बसलेली. मला वाटलं, डेअरी लांब गेली असेल. दुपारी आपण डहाणूला समुद्रावर होतो. वसई ते डहाणू लेंग्यावर जाऊन आलेला माणूस आमच्या घराण्यात तरी मी एकटाच. वाळूत उतरताना मी संकोचाने पिशवी पोटाशी धरली तेव्हा तुम्ही डिकीतून एक पँट काढून माझ्या अंगावर टाकलीत. "घ्या, चढवा. समुद्र बघतोय." पँट मला बरोबर बसली. तुमच्या-माझ्या पोटात जमीन-अस्मानाचा फरक, मग तुमच्या गाडीत माझ्या मापाची पँट आली कशी, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. मला न पडलेले प्रश्न मोजायला बसलो तर उठायला नको.

आता त्या शनिवारचं.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मी गॅलरीत दाढी करत होतो आणि खालून तुमचा हॉर्न आला. वाकून बघितलं तर ताई पुढच्या सीटवर बसलेली, केसांत गजरा, आणि तुम्ही खिडकीतून मान वर काढून: "साडूभाऊ, खाली या! शुभाला घ्या. निघू या."

"कुठे?" मी तिसऱ्या मजल्यावरून ओरडलो. आख्ख्या सोसायटीने ऐकलं.

तुम्ही डोळे मिटलेत. मग म्हणालात, "हॉर्नच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. या लवकर."

माफ केलंत, म्हणजे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तेव्हाच मला कळायला हवं होतं की त्या दिवशी तुम्हाला जायचंच होतं.

मी "आलोच" म्हणालो. 'आलोच' म्हणणारा माणूस किती वेळाने येतो, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझं 'आलोच' तर त्यातही नाव काढणारं. मी सिलिंडर बंद केला, मग चहा राहिला म्हणून चालू केला, मग पुन्हा बंद केला. पाण्याच्या बाटल्या भरल्या. उलटीच्या गोळ्या शोधल्या, त्यांची तारीख उलटून गेलेली निघाली, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसऱ्या आणायला गेलो. शेंगदाणे-गूळ, प्लास्टिकच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, छत्री, स्वेटर. कुठे जायचं ते माहीत नसल्यामुळे सगळ्या ऋतूंची तयारी करावी लागत होती, हे तुम्ही लक्षात घ्यायला हवं होतंत. शुभाला म्हटलं, "तू वरच थांब, मी गाडी एकदा बघून घेतो आणि हाक मारतो."

खाली आलो आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"मागचं डावं जरा बसल्यासारखं वाटतंय," मी म्हणालो.

"काही बसलेलं नाही. तुम्ही बसा."

"हायवेला लागायचं असेल तर हवा बघून घेतलेली बरी. स्टेपनीतही."

"साडूभाऊ, हवा आहे."

"बघायला काय जातं?"

ताई काचेतून हसून म्हणाली, "अहो, बघू दे त्यांना. नाहीतर वाटेत दर फाट्यावर उतरून लाथ मारून बघतील टायरला."

आपण रिक्षा स्टँडच्या शेजारच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. तो अजून आला नव्हता. आला तर कॉम्प्रेसर चालू होईना. तोपर्यंत मी बोनेट उघडून पाणी बघितलं, ऑइल बघितलं, वायपर फिरवून बघितले. तुम्ही दाराला टेकून रस्त्याकडे बघत होतात. ऊन वर आलं. ताईचं डोकं चढायला लागलं. शेवटी पंक्चरवाल्याने मीटर लावला आणि म्हणाला, "काका, हवा तो बराबर है." चारही टायरांत. स्टेपनीतसुद्धा.

तुम्ही घड्याळाकडे बघितलं नाहीत, माझ्याकडेही नाही. "राहू द्या आता," म्हणालात. "वेळ गेली. पुढच्या शनिवारी." मला सोसायटीच्या फाटकाशी सोडलंत. मी स्वेटर, छत्री आणि बाटल्या घेऊन उतरलो, आणि परत माझं डोकं बघा, तुम्हाला म्हणालो, "निदान हवा बघून तरी झाली."

संध्याकाळी मीच फोन केला. भांडायला. कारण आपलं चुकलंय असं वाटलं की मी आधी भांडून घेतो.

"तुम्ही कुठे ते आधी सांगितलं असतंत तर मी बेताने तयारी केली असती," मी म्हणालो. "समुद्र म्हटलं असतंत तर टॉवेल, डोंगर म्हटलं असतंत तर बूट. इतकं साधं आहे."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे असं, की कुठे जायचं ते कळलं की माणूस निम्मा आधीच तिथे पोचतो. उरलेला निम्मा घरी राहतो, सिलिंडर बघत. मग मी गाडीत कोणाला घेऊन जाऊ?"

"आणि वाटेत टायर बसलं तर?"

"तर तिथेच सतरंजी घालायची. ती आपली जागा."

"हे बोलायला ठीक आहे," मी म्हणालो. "जबाबदारी म्हणून काही असते की नाही?"

तुम्ही हसलात. "असते की," म्हणालात, आणि मग आणखी काहीतरी म्हणणार होतात. मी म्हणालो, "ठेवतो." आणि ठेवला.

ते 'आणखी काहीतरी' काय होतं, साडूभाऊ? मी इतक्यांदा तो फोन मनातल्या मनात पुन्हा लावलाय, आणि दर वेळी त्याच ठिकाणी मी ठेवतो.

पुढचा शनिवार आला, पण तुम्ही दवाखान्यात होतात. काचेच्या दारापलीकडे आळीपाळीने एकेकालाच सोडत होते. माझी पाळी आली. तोंडात ती नळी, हाताला सुया. तुम्ही डोळे उघडलेत, मला बघितलंत, आणि बोटांनी माझा हात धरलात, जोर नव्हता पण धरलात. मला तुम्हाला तेवढंच विचारायचं होतं, साडूभाऊ. त्या दिवशी आपण कुठे जाणार होतो? तुम्ही सांगू शकत होतात, नळी असली तरी. जव्हार की केळवे, मी नावं घेतली असती आणि तुम्ही बोट हलवलं असतंत. पण शब्द ओठांवर आला आणि मी गिळला. आयुष्यभर जिथे विचारायचं नाही तिथे विचारत आलो, आणि त्या खोलीत मला तुमच्या आत्याचा नियम आठवला. त्या खोलीतून निघणाऱ्या माणसाला ते कसं विचारायचं?

मग मी काय बोललो? तुम्ही ऐकलंतच. मी म्हणालो, "गाडी आत घेऊन ठेवलीय, काळजी करू नका. हवा ठीक आहे."

तुमच्या डोळ्यांत हसू आल्यासारखं वाटलं. तसं मी सगळ्यांना सांगतो. कदाचित औषधाने असेल.

रविवारी मी आणि शुभा रिक्षाने तुमच्याकडे आलो. मी घरून एक पिशवी घेतली होती. शुभाने जिन्यात ती माझ्या हातातून काढून घेतली, आणि परत वर जाऊन ठेवून आली. तिला न सांगता उलटीच्या गोळ्या मात्र मी शर्टाच्या खिशात टाकल्या होत्या.

गाडीवर धूळ बसली होती आणि बोनेटवर मांजर. ताई साधी साडी नेसून तयार होती. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या होत्या, फुलं काढायचं निमित्त करून. आत्या ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, तोंड घट्ट मिटून. मी मनाशी ठरवलं होतं की काहीही बघायचं नाही, बसायचं आणि निघायचं. पण स्टेपनी बघितल्याशिवाय मला गाडी सुरू करता येईना. 'फक्त स्टेपनी' म्हणत मी डिकी उघडली.

साडूभाऊ, डिकी भरलेली होती.

सतरंजी. वाऱ्याने विझू नये म्हणून पत्र्याचा आडोसा केलेला छोटा स्टोव्ह. चहाचा डबा, साखरेचा डबा. केळीच्या सोपटात बांधलेली, तुमच्या वाडीत वाळवलेली सुकेळी, ती एव्हाना दगडासारखी झालेली. चार छत्र्या. दोरी. प्रवासात शुभाची मान धरते म्हणून मानेखाली घ्यायची गोल उशी. उलटीच्या गोळ्यांचं पाकीट, माझ्या खिशात होतं त्याच कंपनीचं. टॉवेलही होते आणि डोंगर चढायची काठीही होती. आणि सगळ्यात खाली, इस्त्री करून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पँट. मी ती अंगाला लावून बघितली. कंबर माझी होती. आत्ताची कंबर, डहाणूच्या वेळची नव्हे.

"गुरुवारपासून चाललं होतं त्यांचं," मागे उभी राहून ताई म्हणाली. "दर वेळचंच ते. दोन-तीन दिवस आधीपासून गुपचूप भरत राहायचे. शुक्रवारी संध्याकाळी हवा भरून आणली. मला म्हणाले, स्टेपनीतही भरली, नाहीतर साडूभाऊंना चैन पडणार नाही."

शुभा ती गोल उशी हातात घेऊन उभी होती.

"आणि कुठे..." माझ्या तोंडून अर्धं निघून गेलंच.

"मलाही सांगितलं नव्हतं," ताई म्हणाली. "मी विचारतच नसे."

म्हणजे आम्ही ज्याला इतकी वर्षं 'अचानक' म्हणत होतो ते फक्त आमच्यासाठी अचानक होतं. तुमच्यासाठी ते कधीच नव्हतं. आमच्या वाटची सगळी काळजी तुम्ही आधीच करून डिकीत घालून ठेवायचात, वर झाकण लावायचात, आणि मग बेफिकीर माणसाचा चेहरा करून हॉर्न द्यायचात. मी तुम्हाला फोनवर जबाबदारी शिकवत होतो तेव्हा ही पँट डिकीत होती. तुम्ही 'असते की' म्हणालात, तेही खरंच होतं.

पण साडूभाऊ, रागही येतो हो. सांगायचं होतंत ना एकदा तरी. 'सगळं घेतलंय' एवढे दोन शब्द. मी टायरला हात लावला नसता. खेळ मोडला असता, कबूल, पण एक सहल झाली असती, आणि मला वाटतं खेळापेक्षा ती मोठी होती. हा वाद आपला राहिला. तुमची बाजूही मलाच मांडावी लागते आता, आणि ती मांडायला लागलो की मी हरतो.

त्या उशीशिवाय काही न काढता मी डिकी बंद केली आणि तुमच्या जागेवर बसलो. सीट पुढे घ्यायची होती, ती घेतली नाही. तसाच पाय लांब करून बसलो. लायसन्स तुम्हीच मागे लागून काढायला लावलं होतंत, मिठागराच्या रस्त्यावर मला शिकवताना किती वेळा डोक्याला हात लावलात ते वरच्या बगळ्यांनाही माहीत आहे. गाडी पहिल्यांदा फाटकात बंद पडली, मग वळणावर. आत्याने आवाजावरून ओळखलं.

"तुज्या नवऱ्याचा हात नाय तो," ती ओटीवरून म्हणाली. मग थोडं थांबून, जरा हळू आवाजात, "लांब का?"

"बघू," ताई म्हणाली.

"जा. पानी घेतलास ना?"

तुमच्या आत्याने एवढी परवानगी दिली, हे तुम्हाला खरं वाटायचं नाही.

मी ठरवलं होतं की समुद्राकडे न्यायचं, किंवा निदान झाडं असतील अशा बाजूला. पण पूल उतरून हायवेला लागलो आणि पाठीमागच्या एका ट्रकने असा हॉर्न लावला की मी घाबरून डावीकडे वळलो. तो कामणचा रस्ता निघाला. कामणला सहलीला कोणी जात नाही, साडूभाऊ. दोन्ही बाजूंना गोदामं, कंटेनर वळवणारे ट्रक, धूळ आणि खड्डे. मी आरशात न बघता माफी मागायला सुरुवात केली. "ताई, चुकीचा फाटा घेतला, पुढे कुठे वळायला मिळालं की..."

शुभाने माझ्या दंडाला हात लावला. "शू."

मी आरसा खाली केला. ताई झोपली होती. त्या गोल उशीवर मान टाकून, तोंड जरासं उघडं, लहान मुलासारखी. गाडी खड्ड्यात आपटली तरी जाग आली नाही. घरातल्या गादीवर, गोळी देऊन, लेकीने पाय चेपून जी येत नव्हती ती झोप, गोदामांच्या धुळीत, माझ्यासारख्याच्या ड्रायव्हिंगवर आली होती.

मग मी वळलोच नाही. थांबलो तर जाग येईल म्हणून थांबलो नाही. चहाची टपरी दिसली, गेली. पंप दिसला, काटा खाली होता, तरी गेलो. एका बाजूला डोंगर होता, तो बराच वेळ बरोबर चालत होता. मला कुठे जायचं होतं ते माहीत नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्याची काही भीती वाटत नव्हती. तुम्हाला दर वेळी असंच वाटायचं का? का तुम्हाला माहीत असायचं, आणि तुम्ही मनाने आमच्या जागी बसून हे वाटून घ्यायचात? हेही विचारायचं राहिलं.

पुष्कळ पुढे जाऊन, रस्ता रुंद बघून, मी इतक्या हळू गाडी वळवली की मागच्या टेम्पोवाल्याने शिव्या द्यायचंही सोडून दिलं.

तुमच्या फाटकाशी आलो तेव्हा उन्हं कलली होती. इंजिन बंद झालं आणि ताईला जाग आली. तिने आजूबाजूला बघितलं. मोगरा, कुंपण, ओटीवर आत्या. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, ती तुम्हाला हाक मारणार. मारली नाही.

"पोचलो?" तिने विचारलं.

"पोचलो, ताई," शुभा म्हणाली.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि उतरताना तिने गाडीच्या टपावर दोनदा थोपटलं, जसं तुम्ही थोपटायचात. आत जाऊन पुन्हा आडवी झाली. आत्याने नंतर फोनवर सांगितलं, जेवायला उठवली तरी उठली नाही, म्हणून मग परत कोनी उठवली नाय.

तुमचं डिकीतलं सामान तसंच आहे. पँट मी घेतली नाही. ताईने दोनदा सांगितलं, 'न्या हो, तुमचीच आहे.' पण ती घालून मी जाणार कुठे, सांगा. बूट घालू की टॉवेल घेऊ?

घरी आलो. मी शुभाला म्हटलं, "आज निदान ताईला झोप लागली. त्या शनिवारची थोडी तरी भरपाई..."

शुभा खिडकीशी उभी होती. तिने केसांतली पिन काढली, ती तोंडात धरून केस बांधले, मग पिन लावून झाल्यावर म्हणाली, "त्या दिवशी भाऊजींनी हॉर्न दिला ना, मी लगेच चपला घालून सोफ्यावर बसले होते. तुम्ही हवा बघायला गेलात. मग काढल्या."